सरासरी पन्नास टक्के

समदृष्टी मंडळाच्या समितीत आठ पुरुष होते आणि एक बाई. शाळेच्या अभ्यासक्रमात स्त्रियांना अर्धी जागा मिळवून देण्यासाठी नेमलेल्या समितीचीच ही गत, पण ती कुणाला खटकली नाही. ज्यांनी नेमणुका केल्या त्यांना असल्या गोष्टी खटकण्याची सवयच नव्हती. ती एक बाई म्हणजे स्नेहल चौगुले. तासगावच्या एका हायस्कुलात ती मराठी आणि इतिहास शिकवायची. बैठकीत चहाचा ट्रे आला की न सांगता तिच्यापुढे सरकवला जाई. पहिल्या बैठकीत तिने चहा मुकाट्याने ओतला. दुसऱ्या बैठकीत तिने स्वतःपुरता कप भरला आणि ट्रे अध्यक्षांकडे ढकलला. तेव्हापासून मंडळात तिला 'तिखट बाई' म्हणू लागले आणि चहा शिपाई ओतू लागला.

अध्यक्ष होते डॉ. दिवाकर हुपरीकर. स्त्रियांविषयी त्यांना अपार आदर होता आणि तो ते कुठल्याही स्त्रीला मध्ये बोलू न देता तासन्‌तास व्यक्त करू शकत. भाषणाची सुरुवात 'माझ्या माता-भगिनींनो' अशीच व्हायची, मग समोर नुसते मिशीवाले शिक्षणाधिकारी का बसलेले असेनात.

मंडळ निघालं ते लाजेपोटी. जुन्या पाठ्यपुस्तकांतल्या बायकांची कुणीतरी मोजदाद केली तेव्हा दिसलं, की त्या बहुतेक कुणाची तरी आई नाहीतर कुणाची तरी बायको होत्या. त्या दिवा लावत, वाट पाहत, मुलाला लढायला पाठवत आणि तो पडला की रडत. गणितात त्या भाजी विकत घेत. विज्ञानात कुकरची शिट्टी समजावताना एक बाई आली होती, तीही चित्रापुरती. सरकारला याची लाज वाटली, म्हणजे निवडणूक जवळ आली होती. कायदा झाला, की यापुढे अभ्यासक्रमात निम्मी कर्तबगारी स्त्रियांची असेल.

आता हे मोजायचं कसं? कागदी पुस्तकं तर केव्हाच रद्दीत गेली होती. प्रत्येक मुलाच्या हातात पाटी होती. दिसायला ती जुन्या दगडी पाटीएवढीच, पण तिच्या वरच्या कडेला मोहरीएवढा कॅमेरा होता आणि तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत असे. नजर कुठल्या ओळीवर थांबली, कुठून घसरली, डोळ्यातली बाहुली कुठे मोठी झाली, हे सगळं पाटी टिपून घ्यायची. आवडीचं काही दिसलं की माणसाची बाहुली आपोआप रुंदावते, हे तर डॉक्टरांना जुनं ठाऊक होतं. पाटीने त्याचा धंदा केला. आज मुलाला जे रुचलं त्याचा वाटा उद्याच्या धड्यात ती वाढवायची आणि जे रुचलं नाही ते हळूच वगळायची. क्रिकेटवेड्या पोराला बलाचे नियम चेंडूवरून शिकवायची, पोहणाऱ्या पोरीला पाण्यावरून. धड्याचा गाभा तोच राहायचा, माणसं आणि उदाहरणं बदलायची. मार्क वाढले, पालक खूश झाले, आणि पालक खूश म्हणजे शिक्षण सुधारलं, असं ठरलं.

या पाट्यांवर नजर ठेवायला मंडळाने दुसरं यंत्र आणलं, त्याला 'तराजू' म्हणत. राज्यातल्या झाडून साऱ्या पाट्यांवर दिवसभरात वाचलं गेलेलं प्रत्येक वाक्य तराजू तपासायचा आणि त्यात काम करणारं माणूस बाई आहे की पुरुष ते मोजायचा. दिवा लावणं आणि वाट पाहणं कामात धरायचं नाही, ही अट स्नेहलने भांडून घालून घेतली होती. शोधणं, बांधणं, ठरवणं, लढणं, लिहिणं एवढंच मोजायचं. पहिली तिमाही संपली तेव्हा तराजूने राज्याची सरासरी काढली. बरोब्बर पन्नास टक्के. हुपरीकरांनी पेढे वाटले.

स्नेहलनेही तो पेढा खाल्ला, आणि आनंदाने खाल्ला. नववीच्या पाटीत तिने स्वतः लिहिलेला एक धडा होता, 'विहिरींचा नकाशा'. त्यात द्वारका लोंढे होती. भूगर्भशास्त्र शिकलेली ही बाई दुष्काळाच्या साली जत-आटपाडीकडच्या कोरड्या गावांतून पायी फिरली होती. गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून तिने दर ऋतूला पाणी मोजलं, त्यावरून जमिनीखालचा खडक कुठे फुटलाय ते ताडलं आणि कुठे खणायचं, कुठे उगाच खणायचं नाही, याचा नकाशा केला. त्या भागातली कितीतरी गावं अजून तिने दाखवलेलं पाणी पितात आणि तिचं नाव एका चावडीत कोपऱ्यातल्या जुन्या नकाशावर तेवढं उरलं होतं. स्नेहलला ती तिथेच सापडली. सुट्ट्या खर्चून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून तिने तो धडा लिहिला. पदव्या, पगार, नवरा, संसार यांतल्या कशाचा तिला एवढा अभिमान नव्हता.

आणि तिचा मुलगा शर्विल नेमका त्याच वर्षी नववीत होता, तिच्याच वर्गात. पाट्या आल्यापासून धडा ज्याने त्याने आपल्या पाटीतच वाचायचा, शिक्षकांनी फक्त शंका सोडवायच्या.

धडा पाटीत येऊन महिना झाला, दोन महिने झाले. पोरगं काही बोलेना. स्नेहल वाट पाहत होती. स्वतः विचारणं तिला कमीपणाचं वाटत होतं. आईने पुढ्यात ठेवलं तर ते कौतुक होतं, पुस्तकात आलं तर ते ज्ञान, असं तिचं मत होतं आणि ते काही चूक नव्हतं. शेवटी एकदा जेवताना बोलणं दुष्काळावर आलं. स्नेहलने मुद्दामच ते तिकडे नेलं होतं. त्या काळी पाणी शोधायला किती माणसं झिजली, असं ती म्हणाली आणि शर्विलकडे पाहत राहिली.

शर्विल भाकरी मोडत म्हणाला, "हो, पुरुषांनी लई काम केलं तेव्हा. बायकांना जमायचं नाही असं नाही आई, पण त्या काळी त्या असलं काही करतच नव्हत्या ना. त्यांचा दोष नाही तो."

त्याच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. तो समजूतदार आवाजात बोलत होता, एखाद्याला माफ केल्यासारखा. स्नेहलला संताप आला, पण कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून तिने तो नवऱ्यावर काढला. मंदार द्राक्षांच्या शीतगृहात मॅनेजर होता. माझा काय संबंध, असं म्हणून त्याने ताट पुढे केलं आणि गरम भाकरी मागितली. ती स्नेहलनेच उठून वाढली.

दिवाळीनंतर मंडळाचं पत्र आलं. पन्नास टक्क्यांचा सोहळा तासगावच्या शाळेत होणार होता, मंत्री येणार होते, आणि त्या मंचावरच समितीचे सगळे सदस्य अंतिम अहवालावर सह्या करणार होते. सह्या झाल्या की हीच पद्धत बारावीपर्यंत लागू व्हायची. कार्यक्रमात मुलांचं काहीतरी असावं, असं हुपरीकरांचं म्हणणं होतं. स्नेहलने प्रकट वाचन सुचवलं. पाट्या आल्यापासून वर्गातलं प्रकट वाचन मेलंच होतं. पूर्वी एकाने उभं राहून परिच्छेद वाचायचा, दुसऱ्याने पुढचा, चुकलं की वर्ग हसायचा. आता प्रत्येक जण आपल्या पाटीत डोकं घालून मुका बसायचा, आणि शिक्षणखात्याला ही शांतता फार आवडायची.

तालमीसाठी तिने 'विहिरींचा नकाशा' काढायला सांगितलं. मुलींच्या रांगेतली झोया मुजावर पहिली उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत होता. तिने वाचलं, की द्वारका लोंढे यांनी गाठींची दोरी खांद्यावर टाकली आणि पहिल्या गावाची वाट धरली. परिच्छेद संपला. पुढचा मुलांच्या रांगेतल्या शर्विलने वाचायचा होता. तो उठला आणि वाचू लागला, की जिल्हाधिकारी सरंजामे यांनी पाण्याचा प्रश्न मुळापासून सोडवण्याचा निर्धार केला आणि यंत्रणा कामाला लावली.

स्नेहलला वाटलं, पोराने पान चुकवलं. तिने त्याला पहिल्यापासून वाचायला सांगितलं. तो वाचत गेला. विहिरी होत्या, खडक होता, नकाशाही होता. द्वारका नव्हती. तिच्या जागी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरंजामे होते. मुलं खुसखुसू लागली. स्नेहल रांगांमधून फिरली आणि एकेकाकडून त्याची पाटी मोठ्याने वाचून घेत गेली. मुलींच्या साऱ्या पाट्यांत द्वारका होती, मुलांच्या साऱ्या पाट्यांत सरंजामे. तिने दुसरे धडे काढायला लावले. तिथेही तेच. मुलींची पुस्तकं बायकांनी भरली होती आणि मुलांच्या पुस्तकांत औषधाला बाई नव्हती.

सरंजाम्यांना ती ओळखत होती. तिनेच त्यांना धड्यात एक वाक्य दिलं होतं. ते एकदा जीपने आले, चहा प्याले आणि तयार नकाशावर सही करून गेले, एवढाच त्यांचा पराक्रम. त्या एका वाक्यावर पाटीने अख्खा माणूस उभा केला होता, आणि तो घाम गाळत विहिरी शोधत होता.

शर्विल झोयाकडे वळून म्हणाला, "ही बाई कोण? आमच्यात नाही ही. दाखव बघू."

झोयाने पाटी त्याच्या हातात दिली. त्याने तिच्यात डोळे घातले, पाटी क्षणभर मिचमिचली आणि द्वारका पुसली जाऊन सरंजामे आले. पाटी परत झोयाकडे गेली, तेव्हा द्वारका परतली. पोरांना हा खेळच झाला. कुणी मागून डोकावलं तर पाटी कोरीच व्हायची, कारण कॉपी होऊ नये म्हणून एका वेळी एकाच डोळ्यांच्या जोडीला दाखवायची तिची रीत होती. या गोंधळात झोया सहज बोलून गेली, की धड्याखाली नाव आहे की, स्नेहल चौगुले. शर्विलने आईकडे पाहिलं. तिने तालीम तिथेच थांबवली.

घरी आल्यावर तिने मंडळाच्या तंत्रज्ञाला फोन लावला. त्याने जे सांगितलं ते शेजारी बसून शर्विलनेही ऐकलं. पाटीला मुलगा-मुलगी असं काही शिकवलेलंच नाही, तो म्हणाला. तिला फक्त नजर कळते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकच धडा दिला होता. मुलांची नजर बाईच्या नावावरून भरभर घसरली आणि सरंजाम्यांच्या वाक्यावर थांबली. पाटीने ते लक्षात ठेवलं. मुलींचं उलट झालं. मग प्रत्येक धड्यात दोन्ही बाजूंची दरी वाढत गेली. नव्या माणसाच्या हातात पाटी गेली तर ती त्याचा चेहरा पाहते, तशा चेहऱ्याच्या लोकांना काय रुचतं ते आठवते आणि तेच पुढे ठेवते. यात कुणी काही मुद्दाम केलेलं नाही, हे त्याने दोनदा सांगितलं.

फोन ठेवल्यावर शर्विलने आपली पाटी उलटी करून ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे मीच घालवली तिला."

स्नेहलला त्याला थोपटावंसं वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. त्याचे डोळे काही आकाशातून पडले नव्हते. ते या घरात तयार झाले होते, या जेवणाच्या टेबलावर, जिथे गरम भाकरीसाठी कोण उठतं हे तो जन्मापासून पाहत होता. तिने कपाटातून धड्याचा आपल्या हातचा मसुदा काढून त्याच्यापुढे धरला. तो नको म्हणाला. पोरींना वर्गात मिळाला तसाच मलाही मिळाला पाहिजे, म्हणाला. हट्टी होता, आईवर गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिने हुपरीकरांना गाठलं. त्यांना धक्का बसेल असं तिला वाटलं होतं. माणूस शिकलेला असला की आपण उगाच अशा अपेक्षा करतो. त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं.

"मॅडम, मुलींना बायका मिळाल्या, मुलांना पुरुष मिळाले, सरासरी पन्नास भरली," ते म्हणाले. "यात दुखतंय कुणाला?"

डोकं भट्टीत आणि पाय बर्फात ठेवलेल्या माणसाचंही सरासरी तापमान ठीकच असतं, असं ती म्हणाली. हुपरीकर मनापासून हसले आणि हे वाक्य भाषणात वापरायची त्यांनी परवानगी मागितली. मग आवाज खाली आणून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सगळ्यांना एकच धडा द्यायचा ठरला तर मुलांचं लक्ष उडेल, मार्क पडतील आणि पालक मोर्चा आणतील. कायद्यात सरासरी लिहिली आहे, ती आपण दिली. तिने सही केली नाही तर अहवाल काही अडत नाही, पण ज्या सदस्याचा विरोध असेल त्याचे धडे नियमाने फेरतपासणीला जातात. फेरतपासणीला गेलेला धडा परत आल्याचं त्यांच्या तरी पाहण्यात नव्हतं.

"धडा छान आहे हो तुमचा," ते कळवळून म्हणाले. "तो राहावा असं मलाही वाटतं."

असा तो हिशेब होता. सही केली तर द्वारका निम्म्या वर्गापुरती तरी जिवंत राहणार होती, नाही केली तर कुणालाच मिळणार नव्हती. स्नेहलचे कितीतरी दिवस त्यात गेले. मंदार म्हणाला, नाहीपेक्षा निम्मं बरं. शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, पोरींना तरी मिळतंय ना. झोयाने द्वारकेवरून भूगोलाच्या मॅडमना खडकांबद्दल विचारायला सुरुवात केली होती, हे स्नेहलने स्वतः पाहिलं होतं. ते हिरावून घ्यायचं तिच्या जिवावर येत होतं. पण डोळ्यांसमोर शर्विल यायचा, समजूतदार आवाजात साऱ्या बायकांना माफ करणारा. त्याच्यासारखी लाखभर पोरं उद्या मोठी होऊन समित्या नेमणार होती. हुपरीकर काही आभाळातून पडत नाहीत, तेही कधीतरी नववीत असतातच.

सोहळ्याच्या आधी कार्यक्रमपत्रिका बदलून आली. प्रकट वाचन फक्त मुली करतील, असं ठरलं होतं. अध्यक्ष मूर्ख नव्हते, हीच तर अडचण होती.

सोहळा दणक्यात झाला. स्त्रियांच्या सन्मानाचा कार्यक्रम, त्यामुळे पहाटेपासून राबत बायकाच होत्या. शिक्षिकांना एकाच रंगाच्या साड्या नेसायचा आदेश होता. मुलींनी रांगोळ्या काढल्या, नऊवारी नेसून दारात ओवाळायला उभ्या राहिल्या आणि पाहुण्यांवर फुलं उधळली. मंचावर मंत्री, आमदार, हुपरीकर आणि समितीतले सातजण असे सगळे पुरुष खुर्च्यांवर बसले. स्नेहलची खुर्ची टोकाला होती, समईच्या मागे, त्यामुळे फोटोत ती येणार नव्हती. मंचाच्या मागच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता. झोयाच्या पाटीवरचं पान त्याच्यावर दिसणार होतं, म्हणजे मागच्या रांगांनाही वाचता यावं. ही कल्पना खुद्द हुपरीकरांची.

झोयाने फार सुरेख वाचलं. द्वारकेची दोरी विहिरीत उतरली, गाठी मोजल्या गेल्या, उन्हातान्हात एकेक गाव मागे पडलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत तिचं नाव होतं आणि तळाशी स्नेहलचं. हॉलमध्ये बायाबापड्या होत्या, त्या पुढे वाकून ऐकत होत्या. टाळ्या झाल्या. मंत्र्यांनीही वाजवल्या, ते तोवर शेजारच्या आमदाराशी बोलत होते. हुपरीकरांनी माइक घेतला, भट्टीचं आणि बर्फाचं वाक्य वापरलं, फक्त उलट अर्थाने, आणि अहवालावर सही करायला चौगुले मॅडमना पुढे बोलावलं.

स्नेहल उठली. तिने पेन घेतलं आणि कागदावर टेकवलंही. मग ती माइककडे वळून म्हणाली, "सही करते. त्याआधी साहेबांनी या धड्यातला एक परिच्छेद स्वतः वाचावा, अशी मुलांची फार इच्छा आहे."

हुपरीकरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. साहेबांना पुढचा कार्यक्रम आहे, असं ते घाईने म्हणाले. पण समोर इतके कॅमेरे असताना कुठला मंत्री मुलांची इच्छा मोडतो?

"वाचनाला वेळ नाही म्हणता?" मंत्र्यांनी हुपरीकरांना दटावलं आणि झोयाच्या हातून पाटी घेतली.

त्यांनी चष्मा सारखा केला आणि पाटीत पाहिलं. पाठीमागचा पडदा मिचमिचला. अख्ख्या हॉलच्या डोळ्यांदेखत द्वारका लोंढे वरच्या ओळीतून गेली, मग दुसऱ्या ओळीतून, मग तिची दोरी गेली, आणि सगळ्यात शेवटी तळाचं स्नेहल चौगुले हे नाव पुसून तिथे 'लेखन : समिती' असं आलं. मागच्या बाया उभ्या राहून पडद्याकडे बघू लागल्या. मंत्र्यांची मात्र पडद्याकडे पाठ होती. त्यांनी भारदस्त आवाजात वाचलं, की जिल्हाधिकारी सरंजामे यांनी तहानलेल्या गावांना पाणी दिलं आणि जनतेने त्यांना दुवा दिला. परिच्छेद संपवून त्यांनी पाटी छातीशी धरली आणि आपलं पाठ केलेलं भाषण सुरू केलं.

"आज या धड्यातून," ते म्हणाले, "आपल्या लेकरांना एका कर्तबगार स्त्रीची ओळख झाली."

मुलांच्या रांगांतून कुणीतरी फिसकन हसलं. मग मुली हसल्या, मग मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या आणि बघता बघता सगळा हॉल हसत सुटला. मंत्र्यांना वाटलं, बोलणं रंगतंय. तेही हसले आणि तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. हुपरीकर समईकडे पाहत बसले होते. स्नेहलने पेनाला टोपण लावलं, ते कोऱ्या जागेवर ठेवलं आणि ती खाली मुलांत येऊन बसली. शर्विल हसत नव्हता. तो पडद्यावर जिथे आईचं नाव होतं तिथे पाहत होता.

पुढे काय झालं? लाजेने कुणी राजीनामा दिला असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी सरकार पाहिलेलं नाही. आठवड्याच्या आत परिपत्रक निघालं. प्रकट वाचनाने विद्यार्थ्याच्या वैयक्तिक अध्ययनात व्यत्यय येत असल्याने ते वर्गात करू नये, आणि विद्यार्थ्यांच्या पाट्या पाहुण्यांच्या हाती देऊ नयेत, एवढंच त्यात होतं. समितीत स्नेहलच्या जागी एका उद्योगपतींच्या पत्नी आल्या. त्यांनी सही केली, आणि चहाही ओतला म्हणे. 'विहिरींचा नकाशा' फेरतपासणीसाठी सत्राअखेर काढून घेण्यात येणार होता. मुलींच्या पाट्यांत त्यामुळे पडणारी तूट भरायला एका वीराच्या धैर्यशील मातेवरचा धडा तयारही झाला. तराजूत सरासरी पन्नासच भरत राहिली. पडद्याची चित्रफीत गावोगाव फिरली आणि काही शाळांतल्या शिक्षकांनी दार लावून प्रकट वाचन घेतल्याचं स्नेहलच्या कानावर आलं. तेवढंच.

सत्र संपायला थोडे दिवस होते. मधल्या सुट्टीत स्नेहल शिक्षकांच्या खोलीतून बाहेर आली तर मैदानाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली तिचा वर्ग बसला होता. वर्गात वाचायला बंदी होती, झाडाखाली नव्हती; परिपत्रक लिहिणाऱ्याला झाड सुचलं नव्हतं. मधोमध झोया होती आणि मांडीवर पाटी घेऊन दबक्या आवाजात वाचत होती. तिला ऐकू यावं म्हणून मुलं अगदी खेटून बसली होती आणि साऱ्यांनी डोळे घट्ट मिटले होते, म्हणजे पाटीला त्यांची नजर दिसू नये आणि ती कोरी होऊन द्वारका पुसली जाऊ नये. एक-दोघांनी तर हातांनी डोळे झाकून घेतले होते. शर्विल झोयाच्या डाव्या हाताला बसला होता. डोळे मिटलेले असले की तो अजून लहानपणासारखाच दिसायचा.

स्नेहल पुढे गेली नाही. ती भिंतीशी उभी राहून आपलाच धडा ऐकत राहिली. द्वारका पहिल्या विहिरीपाशी पोचली, तिने दोरी सोडली, ओली गाठ मोजली आणि ती पुढच्या गावाला निघाली.

"झोया, थांब जरा," शर्विल डोळे न उघडता म्हणाला. "त्या गाठी तिने कशासाठी मारल्या होत्या, ते परत वाच."

झोयाने परत वाचलं. पाटीला मात्र अजून एकच वाचणारी दिसत होती.